बरणीतल्या ४१२ गोट्या: प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

घरातली म्हातारी माणसं गेली की इथे मुलं घर उघडून आतलं सगळं विकायला काढतात. त्याला इस्टेट सेल म्हणतात. आज ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या पूर्वेकडच्या अशाच एका घराच्या तळघरात, वाळलेल्या रंगाच्या डब्यांमागे, अर्ध्या गॅलनची काचेची बरणी दिसली. झाकण गंजलेलं, आत गळ्यापर्यंत गोट्या. किंमत ३५ डॉलर. घासाघीस केली नाही, कारण मागे एक गृहस्थ माझ्याकडे न बघता बरणीकडे बघत उभे होते.

घरी येऊन टेबलावरच्या परातीत बरणी उपडी केली. तो आवाज ऐकून मुलगी वरून धावत खाली आली. बायको म्हणाली, "ती कणकेची परात आहे, एवढं लक्षात असू दे."

मोजणी दोनदा केली: ४१२. बरणी सोडून वजन २ किलो १९० ग्रॅम. साधनं: डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, दसपट भिंग, स्वयंपाकघरातला वजनकाटा, अंड्यांचे रिकामे ट्रे, दोनशेपानी वही.

१४ जानेवारी, रविवार

कालची चूक आज लक्षात आली. बरणी ओतायला नको होती. अशी बरणी एका दिवसात भरत नाही. आजोबांच्या गोट्या, मग मुलांच्या, मग नातवंडांच्या, अशी वरवर भरत जाते. चमच्याने थराथराने काढल्या असत्या तर कुठली आधीची, कुठली नंतरची याचा काही अंदाज आला असता.

विक्रीच्या जाहिरातीतला फोटो शोधला. काचेतून तळाच्या गोट्या दिसतात. त्यावरून थर जुळवायला बसलो आणि मग आठवलं की चिवड्याचा डबा हलवला की चुरा तळाशी जातो आणि शेंगदाणे वर येतात. ही बरणी किती वेळा कपाटातून काढली, किती वेळा खाली आपटली कोण जाणे. थरांचा पुरावा ओतण्याआधीच गेलेला असणार. तरी पुढच्या वेळी चमचा.

मुलीने दिवसभर रंगांप्रमाणे वाटप केलं. अकरा वाट्या. दिसायला दृष्ट लागेल असं. उपयोग शून्य. लाल-पांढरी गोटी किमान सहा कारखान्यांनी काढलेली आहे, आणि त्यातले काही तर एकमेकांसारखीच बाहेरून आणलेली मोडकी काच वितळवायचे. रंग कुणाचाच नसतो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "पण मग बाबा, तू मला आधी का नाही सांगितलंस?" मला आधी माहीत नव्हतं म्हणून.

१५ जानेवारी, सोमवार. मकर संक्रांत

सुट्टी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. कऱ्हाडहून आईचा व्हिडिओ कॉल. तिळगूळ झाल्यावर मागचं टेबल तिला दिसलं. "एवढं शिकून-सवरून तिकडे गेलास आणि गोट्या खेळत बसलास होय रे?" आपल्याकडे वेळ वाया घालवण्याला दुसरा शब्दच नाही, त्यामुळे प्रतिवाद करता आला नाही.

बाबांनी मात्र फोन स्वतःकडे ओढला. "एक्कल खाजा, डुब्बी राजा" एका दमात म्हणून दाखवलं आणि विचारलं, "सोड्याच्या बाटलीतली आहे का रे एखादी?" नाही. ती हिरवट, बिनरंगी गोटी बाटलीचं तोंड बंद करायला केलेली. या बरणीतल्या सगळ्या हातात धरायला केलेल्या.

वाण्याच्या बरणीतून आणलेल्या गोट्या मी दहा वर्षं खेळलो. त्या कुठे तयार होतात हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

२० जानेवारी, शनिवार

रंग सोडून घडणीवरून वाटप. पहिली चाळणी:

मातीच्या ९. भाजलेल्या, त्यातल्या तीनवर निळ्या रंगाचा अंश. ओहायोतल्याच ॲक्रन इथे सॅम्युएल डाइक याने १८८४ मध्ये मातीच्या गोट्या घाऊक प्रमाणात काढायला सुरुवात केली. काचेच्या यंत्रगोट्यांआधीचं राज्य हे. पोलादी २, म्हणजे सरळ बेअरिंगमधल्या. मांजरडोळे, इथल्या भाषेत कॅट्स आय, १३८. अपारदर्शक एकरंगी, १४ मिलीमीटरच्या आसपास, ७१; या चायनीज चेकर्सच्या पटावरच्या, पट हरवला की बरणीत येतात. पारदर्शक एकरंगी २४. उरल्या १६८, ज्यांच्यात दोन किंवा जास्त रंगांची काच एकत्र आहे. खरं काम या १६८ चं. त्यांनाच क्रमांक देणार.

आधी यंत्र समजून घेतलं, कारण गोटी वाचायची तर ती कशी झाली हे डोळ्यांपुढे हवं. भट्टीच्या तळाच्या भोकातून वितळलेल्या काचेची धार खाली येते. कातरी तिचे सारखे तुकडे पाडते. तुकडा खाली फिरणाऱ्या दोन रुळांवर पडतो. रुळांवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच असते. तिच्यातून लोळत लोळत तुकडा पुढे सरकतो, गोल होतो आणि टोकाला पोहोचेपर्यंत कडकही होतो. कातरीचा एकेक घाव दोन गोट्यांवर खूण ठेवून जातो: आधीच्या गोटीच्या शेपटीवर आणि पुढच्या गोटीच्या डोक्यावर. भिंगाखाली त्या खुणा बारीक सुरकुतीसारख्या दिसतात. कुठे रंग तिथे अचानक मुडपतो, कुठे दोन पट्ट्या येऊन भिडतात. मी त्याला शिवण म्हणणार आहे.

हाताने केलेल्या जर्मन गोटीला ही शिवण नसते. तिच्या टोकाला काचेच्या कांडीपासून तोडल्याचा खरबरीत ठिपका असतो. लाउशा गावची ती परंपरा, आणि काचेच्या गोट्यांपुरतं बोलायचं तर पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतली मुलं मुख्यतः त्याच खेळत.

२८ जानेवारी, रविवार

धुलाई. आणि एक खून.

गोट्यांवर सत्तर-ऐंशी वर्षांचा तेलकट मळ. घमेल्यात कढत पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. पहिल्या शंभर नीट झाल्या. मग घाई झाली. कढत पाण्यातून काढलेल्या मूठभर गोट्या तशाच नळाखाली धरल्या. जानेवारीतलं ओहायोचं नळाचं पाणी म्हणजे बर्फाचा सख्खा भाऊ. टक् असा बारीक आवाज आला, जसा गरम पेल्यात थंड सरबत ओतल्यावर येतो. एका जांभळ्या गोटीत आरपार चंदेरी पडदा उभा राहिला. फुटून दोन झाली नाही, पण नखाने टकटक केलं तर आवाज बद्द.

इथे काही लोक मुद्दाम गोट्या ओव्हनमध्ये तापवून बर्फाच्या पाण्यात टाकतात आणि आतल्या तड्यांचे दागिने करतात. मला दागिना नको होता. वहीत: क्र. १९, जांभळी-पांढरी, धुताना तडा, चूक माझी. उरलेल्या कोमट पाण्यात धुतल्या आणि खोलीतच पंचावर वाळवल्या.

४ फेब्रुवारी, रविवार

स्लॅग ३१. एक पारदर्शक रंग आणि त्यात दुधासारखी पांढरी काच, एकाच कुंडीत ढवळलेली. जांभळ्या, निळ्या, हिरव्या, मधाच्या रंगाच्या. लांबून सगळ्या भाऊबंद.

भिंग लावून एकेक फिरवली. बहुतेकींवर पांढऱ्या रेघा कशाही धावतात आणि दोन टोकांना शिवण दिसते. पण चार गोट्या वेगळ्या निघाल्या. एका टोकाला पांढरी रेघ वळून बरोबर इंग्रजी नऊचा आकडा काढते. गोटी उलटी केली की दुसऱ्या टोकाला तीच रेघ शेपटीसारखी तुटते. हा नऊ म्हणजे माणसाच्या मनगटाचा ठसा. यंत्र होतं, पण काच यंत्रात पडायची ती हातून: एक कारागीर लोखंडी सळईवर काचेचा गोळा उचलायचा, पीळ देत यंत्रावर धरायचा, आणि ओघळणारा थेंब कातरीने तोडला जायचा. पिळाचा नऊ झाला, कातरीची शेपटी झाली.

ते यंत्र ॲक्रनच्या मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सनचं. जन्माने डॅनिश. गोल वस्तू घडवण्याच्या यंत्राचं त्याचं पेटंट १९०५ चं. काचेची पाककृती त्याला जेम्स हार्वी लेटन या काचकाराकडून मिळाली. धंदा चालला, आणि मग घरातूनच सुरुंग लागला. क्रिस्टेन्सनच्या कंपनीचा हिशेबनीस होरेस हिल पैशांची अफरातफर करत होता आणि यंत्राची माहितीही बाहेर नेत होता. त्याच माहितीवर ॲक्रो ॲगेट ही कंपनी उभी राहिली आणि १९१४ मध्ये ॲक्रन सोडून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली, जिथे गॅस स्वस्त आणि वाळू जवळ. युद्धामुळे जर्मन गोट्या यायच्या थांबल्या. इथल्या कारखान्यांना रान मोकळं. पण त्याच युद्धातल्या गॅसटंचाईत १९१७ च्या सुमारास क्रिस्टेन्सनची भट्टी विझली. यंत्र काढणारा गेला, हिशेबनिसाची मंडळी पुढे तीसेक वर्षं राज्य करत राहिली.

सावधगिरी: नऊचा आकडा दिसला म्हणजे क्रिस्टेन्सनच असं नाही. सुरुवातीच्या काळात ॲक्रोनेही काच हातानेच उचलली. म्हणून चारही "हाताने उचललेली, क्रिस्टेन्सन संभाव्य".

त्या चारातली एक क्र. १९. आरपार तडा गेलेली. पंधरा मिनिटं काही लिहिलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

कॉर्कस्क्रू २२. या ओळखायला सर्वांत सोप्या आणि म्हणूनच सर्वांत आनंदाच्या.

कसोटी अशी. रंगाच्या पट्टीवर टाचणीचं टोक ठेवायचं आणि गोटी फिरवत पट्टीचा माग काढायचा. कॉर्कस्क्रूमध्ये पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिन्यासारखी गोल गोल चढते आणि वाटेत कुठल्याच दुसऱ्या पट्टीला छेदत नाही. ॲक्रोने भट्टी आणि रूळ यांच्यामध्ये फिरतं भांडं बसवलं होतं. धार खाली येतानाच पिळली जायची. म्हणून "कॉर्कस्क्रू म्हणजे ॲक्रो" हे जवळपास डोळे मिटून म्हणता येतं. या छंदात डोळे मिटून म्हणता येण्यासारखं फार थोडं आहे.

ॲक्रोचं चिन्हही आवडलं: इंग्रजी ए या अक्षरातून उडणारा कावळा, पायांत आणि चोचीत गोट्या.

क्र. ५४ सर्वांत सुंदर. पारदर्शक काच, तिच्यात पांढऱ्या तंतूंचं धुकं, आणि वर लाल-पिवळ्या दोन पट्ट्या. अशा गोट्या पॉपाय चित्रपात्राच्या नावाच्या खोक्यांतून विकल्या जायच्या, त्यामुळे संग्राहक हिला पॉपायच म्हणतात. व्यास १६.१ मिमी. एका बाजूला माशी चावल्यासारखी टवकी. इथेही त्याला पिसवाचावा अशा अर्थाचाच शब्द आहे. त्या एका टवकीने गोटी मिंटवरून, म्हणजे कोऱ्या करकरीत प्रतीवरून, निअर मिंटवर उतरते.

मुलीने आज टाचणीची कसोटी शिकली आणि स्वर्लच्या, म्हणजे रंग नुसतेच मिसळलेल्या गोट्यांच्या, ट्रेमधून दोन लपलेल्या कॉर्कस्क्रू शोधून दाखवल्या. पट्ट्या इतक्या रुंद होत्या की मला पीळच दिसला नव्हता. कॉर्कस्क्रू आता २४.

१८ फेब्रुवारी, रविवार

दोन शिवणीवाल्या १३. समोरासमोर दोन शिवणी, आणि पायाच्या, म्हणजे गोटीच्या मूळ, रंगावर चार किंवा सहा पट्ट्या शिवणीपाशी येऊन थांबलेल्या. इलिनॉयमधल्या ऑटवा गावची पेल्टियर कंपनी. व्हिक्टर पेल्टियरने १८८६ मध्ये काचेचा कारखाना काढला, गोट्या पुढे बऱ्याच नंतर आल्या. संग्राहकांनी रंगजोडीला नावं दिली आहेत: निळ्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या म्हणजे सुपरमॅन, पांढऱ्यावर लाल-हिरव्या म्हणजे ख्रिसमस ट्री, पांढऱ्यावर काळ्या म्हणजे झेब्रा. कारखान्याने अशी नावं दिली नव्हती. आमच्या तेरांमध्ये दोन झेब्रा आहेत, सुपरमॅन नाही. मुलगी नाराज.

पॅच ४४, आणि इथे डोकं उठलं. पॅच म्हणजे ठिगळ: पायाच्या रंगावर दुसऱ्या रंगाचा मोठा डाग. ॲक्रोने केले, पेल्टियरने केले, पार्कर्सबर्गच्या व्हिट्रोने केले, मार्बल किंगने तर डोंगर उभे केले. दुपारभर काहीच सुटेना. मग परातीच्या तळाशी अर्धी फुटलेली एक पिवळी-काळी गोटी मिळाली आणि तिने धडा दिला. फुटलेल्या तोंडातून आत पाहिलं तर सगळी काच पांढरी. पिवळा आणि काळा रंग फक्त वरची साल, आंब्याच्या सालीएवढी पातळ. महाग रंगीत काच वाचवायची युक्ती: पांढऱ्या धारेवर रंगाचं पांघरूण. मार्बल किंगच्या गोट्यांत ही युक्ती हमखास दिसते. पिवळ्या-काळ्या जोडीला भुंगा म्हणतात.

मग उरलेल्या पॅचवर टवके शोधत बसलो. एरवी टवका म्हणजे नुकसान, आज खिडकी. टवक्यातून पांढरं दिसलं तर साल, रंगच दिसला तर आरपार. निकाल: मार्बल किंग १२, व्हिट्रो ९, ॲक्रो ८. पंधरांना टवकाच नाही, म्हणून नावही नाही. निष्कलंक असण्याची शिक्षा.

२ मार्च, शनिवार

अतिनील टॉर्च आली, ३६५ नॅनोमीटर. न्हाणीघरात दिवे बंद करून तिघं बसलो. सहा गोट्या अशा हिरव्या पेटल्या की मुलगी ओरडली. पिवळट-दुधी पायाच्या, काचेत युरेनियम घातलेल्या. काही पारदर्शक गोट्या मंद हिरवट उजळल्या, पण तसा फिका उजेड मँगनीजनेही येतो. लाल-नारिंगी काहींनी विस्तवाच्या निखाऱ्यासारखं तोंड दाखवलं.

दिसायला छान. वर्गीकरणाला मदत थोडी. चमक काचेतला घटक सांगते, कारखाना नाही. बायकोने विचारलं, "युरेनियम आणि माझी कणकेची परात?" परात दोनदा घासली. नवीन परात आणली.

१६ मार्च, शनिवार

पैसे घालवले.

ओहायोतल्याच केंब्रिजला निघालो होतो. आमच्या घरापासून सत्तर क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला दीड तास. क्रिस्टेन्सन ॲगेट कंपनी इथे होती, १९२७ पासून जेमतेम सहा वर्षं. नाव तेच, पण मार्टिन क्रिस्टेन्सनशी नातं नाही. आर्नोल्ड फीडलर या काचरसायन जाणणाऱ्याने इथे असे भडक रंग काढले की संग्राहक त्यांना सरळ इलेक्ट्रिक म्हणतात. इथली सर्वांत प्रसिद्ध गोटी गिनी: पारदर्शक काचेवर रंगीबेरंगी शिंतोडे, गिनी कोंबडीच्या पिसांसारखे.

वाटेत जुन्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात थांबलो. एका गाळ्यात ॲक्रोची कॉर्कस्क्रू, लिंबू-दुधी पायावर ऑक्सब्लड, म्हणजे वाळलेल्या रक्तासारखा गडद लाल. "मिंट" अशी चिठ्ठी. २८ डॉलर. गाळ्यात काळोख, चष्मा गाडीत, आणि मन आधीच विकलं गेलेलं.

घरी भिंगाखाली घातली. एकही ओरखडा नाही, हे तर ठीक. पण शिवणही नाही. रुळावरून लोळताना जी सूक्ष्म लहर उठते तीही नाही. पृष्ठभाग आरशासारखा सपाट. व्यास १५.१ मिमी, माझ्या दुसऱ्या कुठल्याही कॉर्कस्क्रूपेक्षा अर्धा मिलीमीटर तरी कमी. कुणीतरी घासून पॉलिश केली होती. टवके गेले, त्यांच्याबरोबर कारखान्याची कातडीही गेली. गोटी ॲक्रोचीच आहे, पीळ खोटा नाही. पण चिठ्ठीवरचा शब्द खोटा. पॉलिश केलेली गोटी म्हणजे रंग काढून पुन्हा रंगवलेली पितळेची समई.

वहीत "बाहेरची १" म्हणून नोंदली, ४१२ मध्ये नाही. चष्मा आता गळ्यात.

८ एप्रिल, सोमवार

खग्रास सूर्यग्रहण. आमच्या घरावरून पट्टा थोडक्यात हुकत होता, ॲक्रन मात्र बरोबर आत. रजा टाकून तिघं ॲक्रनला. सव्वातीनच्या सुमारास अंधार झाला आणि पावणेतीन मिनिटं राहिला. पक्षी गप्प, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, काळ्या चकतीभोवती पांढरं जाळं.

खिशात क्र. १९ होती. मुलीच्या सांगण्यावरून आणली: "बाबा, तिला तिचं गाव दाखवू." अंधारात ती हातात घेतली. उजेड परतला तसा आतला तडा आधी चमकला, मग जांभळा रंग.

परतताना चार तास गाड्यांची रांग. उद्या पाडवा, श्रीखंडाचा चक्का टांगायचा राहिला होता.

२० एप्रिल, शनिवार

स्वर्ल ५६. दोन-तीन रंगांची काच धारेतच एकमेकांत मिसळलेली, पीळ नाही, पट्टी नाही, ठरावीक शिवण नाही. शेवटपर्यंत ढकललेलं काम.

पहिलीच हातात आली तिच्या टोकाला खरबरीत ठिपका. शिवण नाही. आत पिवळ्या धाग्यांची जाळी. जर्मन, हाताची. तीन महिने मी तिला यंत्राच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. वेगळ्या डबीत. स्वर्ल ५५.

मग हृदय थांबलं. निळ्या पायावर पिवळे-लाल-पांढरे शिंतोडे. गिनी? खिडकीपाशी नेली. तिरक्या उजेडात पृष्ठभागावर पावसाळ्यातल्या डबक्यावर पेट्रोल सांडल्यासारखी इंद्रधनुषी तेलकट झाक. ही झाक जुन्या केंब्रिजच्या गोटीची नाही, मेक्सिकोतल्या आजच्या गोट्यांवर ती नेहमी दिसते. हृदय पुन्हा सुरू. अशाच आणखी पाच निघाल्या, त्यातल्या तीन बहुधा ओहायोतच जाबो कंपनीत अलीकडे झालेल्या. म्हणजे बरणी नातवंडांपर्यंत चालू होती याचा एक पुरावा तरी मिळाला.

उरल्या ४९. ॲली, रेवन्सवुड, हीटन, चॅम्पियन, कैरो नॉव्हेल्टी: वेस्ट व्हर्जिनियातल्या छोट्या कारखान्यांपैकी कुठली कुणाची? एकट्या ॲलीचा कारखाना चार गावं फिरला, पेडन सिटी, सिस्टर्सव्हिल, पेन्सबोरो, सेंट मेरीज. आणि १९४९ मध्ये तोच पुढे मार्बल किंग झाला. माणसं इकडून तिकडे जायची, यंत्रं विकली जायची, काच भंगारातून यायची. या गोट्यांची ओळख पटते ती मुख्यतः कारखान्याच्या जागी खोदून सापडलेल्या फुटक्या मालाशी ताडून. माझ्याकडे असा फुटका माल नाही, फोटो आहेत, आणि फोटोवरून प्रत्येक गोटी प्रत्येक कारखान्याची वाटते.

दोन रात्री प्रत्येकीला "ॲली संभाव्य", "रेवन्सवुड संभाव्य" असं लिहीत गेलो. तिसऱ्या रात्री वही झाकून, न बघता पुन्हा लिहिलं. जुळणी: ४९ पैकी १७. अर्ध्याहून जास्त वेळा मी माझ्याशीच सहमत नाही. सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. एकच चिठ्ठी: "वेस्ट व्हर्जिनिया स्वर्ल, अनिश्चित."

४ मे, शनिवार

मांजरडोळ्यांचा अर्धा दिवस. पारदर्शक गोटीच्या पोटात रंगीत पाती. ही जपानची कल्पना; १९५० च्या आसपास तिथून आलेल्या स्वस्त मालाने इथले कारखाने हादरले, आणि मग त्यांनीही मांजरडोळेच काढले. मला १३८ पैकी तीनच खात्रीने सांगता आल्या: एकच जाड पात, मधोमध फुगलेली, केळ्यासारखी. पेल्टियर. नावही केळंच. बाकीच्या सगळ्या मुलीला दिल्या, खेळायला.

११ मे, शनिवार

अंतिम यादी. स्लॅग ३१, त्यात हाताने उचललेल्या ४. कॉर्कस्क्रू २४. दोन शिवणी १३. पॅच ४४. अलीकडच्या ६. जर्मन हाताची १. अनिश्चित स्वर्ल ४९. बेरीज १६८, वहीशी जुळते.

ट्रेमधल्या मोजल्या: १६७.

पुन्हा मोजल्या. १६७. सोफ्याखाली पाहिलं, व्हॅक्यूमची पिशवी उघडली, जुन्या परातीखालीही पाहिलं. शेवटी क्रमांकाने ताडलं. क्र. १३१ नाही. पॅच, ॲक्रो, पांढऱ्यावर निळं ठिगळ, १५.८ मिमी, मिंट.

मुलीला हाक मारली. तिने आधी छताकडे पाहिलं. मग सांगितलं की वर्गातल्या एका मुलाला गोट्या दाखवायला नेल्या होत्या, त्याला मांजरडोळे नको होते, त्याला ठिगळवालीच हवी होती, आणि त्याच्याकडे जे होतं ते तिला हवं होतं. वर जाऊन घेऊन आली.

वहीत क्र. १३१ च्या ओळीवर रेघ मारली नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं: अदलाबदल, मे २०२४. मिळालं: डायनासोर, रबरी, हिरवा, ६२ मिमी. शेपटीवर दातांच्या खुणा. पोटावर शिवण स्पष्ट.